टीव्ही फोर-के, मग गेम पुसट का? मोबाईल-कॉम्प्युटरवरचा गेम टीव्हीवर पाठवताना रिझोल्यूशन आणि फ्रेम नेमके कुठे अडतात, वाचा सविस्तर

बुलढाणा : ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि तालुक्याच्या गावांतल्या दुकानांतही ४३ इंची, ५५ इंची टीव्ही हप्त्यावर घेणं सोपं झालं. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'फोर-के' लिहिलेलं असतं. घरी आणल्यावर बातम्या, सिनेमा, क्रिकेट सगळं झकास दिसतं. मग घरातलं पोरगं मोबाईलवरचा किंवा कॉम्प्युटरवरचा गेम त्यावर टाकतं आणि तिथे घोळ होतो. चित्र पुसट, पळताना चौकोन-चौकोन, बटण दाबलं की माणूस अर्ध्या श्वासानंतर उडी मारतो.

यानंतर बहुतेक घरांत एकच उपाय सुचवला जातो, नेटचा मोठा प्लॅन घ्या. महिन्याला दोन-चारशे रुपये वाढतात आणि गेम तसाच राहतो. कारण अडचण नेटची असेलच असं नाही. ती टीव्हीत असू शकते, मोबाईलमध्ये असू शकते, राउटर आणि टीव्हीच्या मधल्या भिंतीतही असू शकते. पैसे घालण्याआधी ती शोधायची कशी, हे सांगण्यासाठी हा लेख. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. इथे विषय तो नाही, साध्या खेळण्याच्या गेमचा आहे.)

ठिपके किती आणि चित्रं किती

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. आडवे किती आणि उभे किती ठिपके, म्हणजे रिझोल्यूशन. दुकानात 'एचडी रेडी' म्हणून विकला जाणारा ३२ इंची टीव्ही साधारण १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट. गेमच्या सेटिंगमध्ये ७२०पी, १०८०पी असं जे दिसतं तो उभ्या ठिपक्यांचा आकडा.

दुसरा आकडा फ्रेमचा. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये ज्यांनी सिनेमा पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. पडद्यावर हलणारं असं काही नसतंच, सेकंदाला २४ स्थिर चित्रं एकामागून एक सरकत असतात. गेममध्ये हा आकडा ३०, ६०, ९० किंवा १२० असतो आणि त्याला एफपीएस म्हणतात. ३० एफपीएसला एक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, ६० ला साधारण १७, १२० ला आठच्या थोडं वर. एक हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.

सिनेमा २४ चित्रांत छान दिसतो, मग गेमला ६० कशाला? सिनेमात आपण नुसते बघत असतो, गेममध्ये बघून हात हलवायचा असतो. क्रिकेटचंच घ्या. खऱ्या मैदानावर ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. तितक्या वेळात ३० एफपीएसला पंधरा चित्रं दिसतात, ६० ला तीस. आणि चित्र मुळातच सेकंदाचा सातवा-आठवा भाग उशिरा येत असेल, तर त्या अर्ध्या सेकंदातला पाव हिस्सा चेंडू दिसण्याआधीच गेलेला असतो. बॅट लागणार कशी?

यूट्यूब नीट चालतं, मग गेम का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर शेतकऱ्याला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल. यूट्यूब किंवा सिनेमा म्हणजे शेततळ्याचं पाणी. पुढच्या काही सेकंदांचं चित्र आधीच आणून साठवलेलं असतं. वरून धार मध्येच बारीक झाली तरी तळ्यातून पिकाला पाणी मिळत राहतं. गेम म्हणजे पाटाचं पाणी, थेट वाफ्यात. साठवायला जागाच नाही, कारण पुढच्या सेकंदाला खेळणारा डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कुणालाच माहीत नसतं. ते चित्र अजून तयारच झालेलं नसतं. पाटाला धार बारीक झाली की त्याच क्षणी वाफा कोरडा, म्हणजे गेम अडकतो किंवा पुसट होतो.

दुसरी गोष्ट दाबण्याची. फुल एचडीचं ६० एफपीएस चित्र जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं, तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट माहिती लागते. फोर-केला जवळपास १२ गिगाबिट. घरच्या नेटचा वेग मोजतात मेगाबिटमध्ये, आणि एक गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट. म्हणजे ३००० चं ओझं २० च्या पिशवीत कोंबायचं आहे. दीडशे पट दाबावं लागतं आणि तेही लगेच, कारण थांबायला वेळ नाही. सिनेमा कंपनी एका सिनेमावर तासन् तास खर्चून तो नीट दाबू शकते, गेमच्या एका चित्राला मिळतात फक्त काही मिलिसेकंद.

ही दाबादाब जमते कारण एका चित्रातलं बरंचसं पुढच्या चित्रात तसंच असतं. भिंत जागेवर, आभाळ जागेवर, फक्त माणूस हलला. तेवढाच बदल पाठवला की झालं. पण खेळणारा गर्रकन वळला, गवतातून पळाला, धूर उडाला, पाऊस पडला की प्रत्येक ठिपका बदलतो. पिशवी तेवढीच, ओझं अचानक दसपट. मग यंत्र बारकावे फेकून देतं आणि पडद्यावर चौकोन दिसतात. स्थिर उभं असताना स्पष्ट आणि पळताना पुसट दिसत असेल, तर दोष टीव्हीच्या काचेचा नाही, ही दाबादाब आहे.

दाबायच्या पद्धतीही वेगवेगळ्या. एच.२६४ ही २००३ पासूनची, जवळजवळ प्रत्येक टीव्हीला कळते. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ ही २०१३ ची, तेवढ्याच पिशवीत बरंच जास्त बसवते. २०१८ ची एव्ही१ त्याहून पुढची. पण पाठवणाऱ्याने नव्या पद्धतीने दाबलं आणि टीव्हीच्या चिपला ते उलगडता आलं नाही तर उपयोग शून्य. मग दोघांना येणारी जुनी पद्धत वापरली जाते आणि चित्राचा दर्जा खाली येतो.

रस्ता पहिला : मोबाईल टीव्हीवर कास्ट करणं

आपल्याकडे सर्वांत जास्त वापरला जाणारा रस्ता हा. मोबाईलमध्ये 'कास्ट' किंवा 'स्मार्ट व्ह्यू' दाबलं की मोबाईलचा पडदा टीव्हीवर येतो. बीजीएमआयसारखा गेम काही मोबाईलवर ९० किंवा १२० एफपीएसला चालतो म्हणून पोरं खूश असतात. पण बाजारातल्या बहुतांश साध्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० च वेळा बदलतो. ९० मधली ३० चित्रं तिथेच गळाली. शिवाय कास्ट करताना मोबाईलला एकाच वेळी गेम चालवायचा असतो आणि पडदा दाबून पाठवायचाही असतो. तो तापतो, आणि तापला की स्वतःचा वेग कमी करतो. पंधरा-वीस मिनिटांनी गेम जड होतो तो यामुळे. चार्जिंगला लावून खेळलं तर आणखी लवकर.

रिझोल्यूशनचा हिशेबही इथे फसवा आहे. हल्लीचे मोबाईल लांबट, २० ला ९ या आकाराचे. टीव्ही १६ ला ९. लांबट चित्र टीव्हीच्या रुंदीत बसवलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. फुल एचडी टीव्हीच्या १०८० ओळींपैकी ८६४ च वापरल्या जातात, एचडी रेडी टीव्हीवर तर सहाशेच्या आसपास. फोर-के टीव्हीवरही कास्टचं चित्र बहुतेक वेळा फुल एचडीच्या वर जात नाही. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो.

आणि उशीर. बिनतारी कास्टमध्ये सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही जास्त सहज जातो. मात्र इथे एक फरक लक्षात घ्या. खेळणारा मोबाईलकडे बघून खेळत असेल आणि टीव्ही फक्त बाकीच्यांनी बघायला असेल, तर हा उशीर कुणालाच टोचत नाही. पारावर जमलेल्या दहा पोरांना मॅच दाखवायची असेल तर कास्ट उत्तम आहे. टीव्हीकडे बघत मोबाईलवर बोटं चालवायची असतील, तर कितीही भारी टीव्ही आणला तरी जमणार नाही.

वायर लावून हा उशीर जवळजवळ संपवता येतो. टाईप-सी टू एचडीएमआय नावाचा छोटा जोड मिळतो. पण इथेच लोकांचे हजार-पाचशे रुपये वाया जातात. मोबाईलला टाईप-सीचं भोक आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही. त्यासाठी मोबाईलमध्ये 'डिस्प्लेपोर्ट' ची सोय असावी लागते, आणि स्वस्तातल्या बहुतेक मोबाईलमध्ये ती नसते. त्यांच्या भोकातून फक्त चार्जिंग आणि फायली जातात. जोड घेण्याआधी मोबाईलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द आहे का बघा. नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

रस्ता दुसरा : घरातल्याच कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशनवरून

इथे गेम घरातल्या मशीनवर चालतो आणि घरातल्याच वायफायवरून टीव्हीवर येतो. स्टीम लिंक, मूनलाइट ही त्यासाठीची फुकट ॲप. यात बाहेरच्या नेटचा वेग जवळपास लागतच नाही. कॉम्प्युटरपासून राउटर, राउटरपासून टीव्ही, एवढाच प्रवास. त्यामुळे नेटचा प्लॅन ३० चा १०० केला तरी चित्रात तसूभर फरक पडत नाही. हे न कळल्यामुळे वाया गेलेले पैसे बरेच असतील.

मर्यादा दुसरीकडे असते. व्हॉल्व्ह कंपनीने २०१५ मध्ये याच कामासाठी स्टीम लिंक नावाची छोटी डबी काढली होती. ती १०८०पी आणि ६० एफपीएसलाच थांबायची. समोर टीव्ही फोर-के असो की आणखी काही, आतल्या चिपची ताकद तेवढीच. २०१८ मध्ये डबी बंद झाली आणि ॲप आलं, म्हणजे मर्यादा आता ज्या टीव्हीत ॲप टाकाल त्याच्या चिपवर गेली. प्लेस्टेशन ५ स्वतः फोर-के चित्र देतो, पण रिमोट प्ले या त्याच्या सोयीतून चित्र १०८०पी पर्यंतच जातं. जुन्या साध्या प्लेस्टेशन ४ मधून ७२०पी. कंपनीनेच घातलेली हद्द, प्लॅन बदलून किंवा टीव्ही बदलून ती हलत नाही.

दुसरा अडसर वायफाय. त्याचे दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो, भिंती ओलांडतो, पण त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच, आणि एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा फक्त तीन. पाच गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण दगडी वाड्याच्या किंवा जाड मातीच्या भिंतीपुढे तो दमतो. आता गंमत बघा. राउटर दोन्ही पट्ट्यांचा असतो, पण स्वस्तातल्या अनेक स्मार्ट टीव्हींना २.४ चाच पट्टा ऐकू येतो. टीव्हीच्या वायफाय यादीत शेवटी '५जी' लिहिलेलं राउटरचं नाव दिसत नसेल आणि मोबाईलला दिसत असेल, तर ओळखा. (या '५जी' चा मोबाईलच्या फाईव्ह-जीशी काही संबंध नाही, राउटर कंपन्यांनी उगाच गोंधळ घातला आहे.)

यावर सगळ्यात खात्रीचा आणि स्वस्त उपाय म्हणजे लॅनची वायर. राउटरपासून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेने ओढली की झालं. टीव्हीचं लॅनचं भोक बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं, पण गेमला एवढं पुरून उरतं. दर सेकंदाला तीच धार मिळत राहणं इथे जास्त महत्त्वाचं.

कॉम्प्युटर त्याच खोलीत असेल तर हे सगळं सोडा आणि सरळ एचडीएमआय केबल लावा. तिथे दाबादाब नाही की उशीर नाही. फक्त भोक आणि केबल कुठल्या पिढीची आहे ते बघा. एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र ३० एफपीएसलाच जातं. २.० मधून फोर-के ६० जातं. फोर-के १२० हवं तर २.१ लागतं, तेही लॅपटॉप, केबल आणि टीव्ही तिन्हीकडे. जुना लॅपटॉप फोर-के टीव्हीला लावल्यावर माऊससुद्धा अडखळत चालतो, ते याच ३० मुळे. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८०पी, ६० निवडा, लगेच हलका होतो.

रस्ता तिसरा : क्लाउड, म्हणजे गेम दूरच्या मशीनवर

घरात भारी कॉम्प्युटर नको, प्लेस्टेशन नको. गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, चित्र नेटवरून टीव्हीवर येतं, आपलं बटण नेटवरून तिकडे जातं. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झाली. सॅमसंगच्या काही टीव्हींवर आणि ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकवर तिचं ॲप चालतं. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स नाऊ आहे, जिओनेही क्लाउड गेम आणले आहेत.

खरा घोटाळा आहे तो इथे, जाहिरातीतल्या आकड्यांचा. गुगलची स्टेडिया ही सेवा १९ नोव्हेंबर २०१९ ला अमेरिका-युरोपातल्या देशांत सुरू झाली, भारतात ती आलीच नाही. टीव्हीवर फोर-के, ६० एफपीएस असा डंका होता. पण 'डेस्टिनी २' हा गेम प्रत्यक्षात १०८०पी मध्येच तयार होत होता आणि नंतर ताणून फोर-के करून पाठवला जात होता. टीव्हीवर 'फोर-के' अशी पाटी यायची, माल फुल एचडीचा. लोकांनी ओरड केली. १८ जानेवारी २०२३ ला सेवा बंद पडली, घेतलेल्या गेमचे आणि वस्तूंचे पैसे मात्र गुगलने परत केले. टीव्हीवर येणारं चित्र फोर-के असणं आणि गेम फोर-केमध्ये तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने दाखवून दिलं.

सेवांच्या आजच्या हद्दीही पायऱ्या-पायऱ्यांच्या आहेत. एक्सबॉक्सची क्लाउड सेवा अनेक वर्षं १०८०पी, ६० ला थांबलेली होती. ऑक्टोबर २०२५ पासून सर्वांत महागड्या प्लॅनमध्ये काही उपकरणांवर १४४०पी मिळू लागलं. जीफोर्स नाऊच्या फुकट प्लॅनमध्ये १०८०पी, ६० आणि एका वेळी एक तास. फोर-के हवं तर सर्वांत वरचा प्लॅन. त्यात १२० एफपीएसही जाहीर केलेलं असतं, पण ६० वर चालणाऱ्या टीव्हीवर ते पैसे पाण्यात.

नेट किती लागतं? जीफोर्स नाऊच्या शिफारशी सोप्या आहेत. ७२०पी, ६० साठी १५ एमबीपीएस, १०८०पी, ६० साठी २५, फोर-के १२० साठी ४५. आता ताशी डेटा मोजा. १५ एमबीपीएसने तासाला पावणेसात जीबी, २५ ने सव्वाअकरा, ४५ ने वीसच्या वर. मोबाईलचा दिवसाचा २ जीबी डेटा हॉटस्पॉट करून अगदी १० एमबीपीएसने जरी वापरला, तरी सत्तावीस मिनिटांत खल्लास. घरच्या प्लॅनला महिन्याला १००० जीबीची मर्यादा असेल तर १०८०पी वर ८८-८९ तास. एकट्या पोराला दिवसाला तीन तास मिळाले तर महिना जेमतेम निघतो, आणि घरात बाकी कुणी काहीच बघायचं नाही!

३० एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घरात २५ चं गणित कागदावर बसतं. पण संध्याकाळी आईची मालिका दुसऱ्या मोबाईलवर, बहिणीचा अभ्यासाचा व्हिडीओ, बाबांचे रील्स सुरू झाले की ३० मधले १२-१५ उरतात. सेवा मग आपोआप चित्र ७२०पी वर आणते. तो बिघाड नव्हे, तिने खेळ बंद पडू न देण्यासाठी केलेली तडजोड असते.

वेगापेक्षा पिंग बघा

क्लाउडमध्ये एमबीपीएसइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा आकडा पिंगचा. बटण दाबल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बुलढाणा जिल्ह्यातून मुंबईपर्यंत केबलचा रस्ता ६०० किलोमीटर धरला, तर जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद. म्हणजे समृद्धीवरून गाडीला जे तास लागतात त्याचा इथे प्रश्न नाही, मुंबईचं अंतर अडचण नाहीच. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मात्र नुसत्या अंतरातच चाळीसच्या आसपास मिलिसेकंद जातात आणि ते कुठल्याही प्लॅनने कमी होत नाहीत.

खरा वेळ जातो तो शेवटच्या टप्प्यात. घरापर्यंत फायबर आला असेल तर पिंग बहुधा स्थिर राहतो. टॉवरवरून हवेतून येणारं नेट असेल, मग ते फोर-जी असो की छतावर डबी लावून घेतलेलं फाईव्ह-जी, तर तोच टॉवर अख्खं गाव वापरत असतं. स्पीड टेस्टला ५० दाखवेल, पण पिंग एका क्षणी ३० आणि पुढच्या क्षणी १५०. सिनेमाला याने काही होत नाही, शेततळं भरलेलं असतं. गेमला तेवढंच पुरतं. म्हणून स्पीड टेस्ट करताना एकदाच दुपारी करू नका. रात्री आठ ते दहाच्या मध्ये चार-पाच वेळा करा, टीव्ही जिथे ठेवलाय तिथे बसून, आणि पिंगचा आकडा किती उड्या मारतो ते बघा. सरासरी ३० असून उड्या नसतील तर क्लाउड गेम चालेल. उड्या असतील तर सरासरी कितीही चांगली असली तरी वैताग येईल.

आणि मग टीव्ही स्वतः

चित्र टीव्हीपर्यंत पोचल्यावरही टीव्ही ते लगेच दाखवत नाही. रंग खुलवणं, कडा गुळगुळीत करणं, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच तिसरं बनवून घुसवणं असे उद्योग तो करतो. सिनेमाला ते बरं, पण त्यात काही टीव्ही पन्नास-शंभर मिलिसेकंद सहज खातात. सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू केला की हे उद्योग बंद होतात. फुकटचा उपाय आहे आणि सगळ्यात आधी करायचा आहे, तरी तो बहुतेक घरांत कुणी केलेला नसतो. एचडीएमआयने लावलेल्या वस्तूसाठी हा मोड त्या-त्या भोकाला वेगळा चालू करावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

खोक्यावरच्या 'मोशन १२०', 'एमईएमसी' अशा शब्दांनी फसू नका. तो आकडा बऱ्याचदा टीव्हीने स्वतः घुसवलेल्या चित्रांचा असतो, पडद्याचा खरा वेग ६० च. दुकानात सरळ विचारा, 'पॅनेल किती हर्ट्झचं आहे?' आणि उत्तर माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

मुळात फोर-के ठिपके दिसायला जवळ बसावं लागतं, हे कुणी सांगत नाही. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नजरेच्या माणसालाही साडेपाच-सहा फुटांपलीकडून दोन ठिपके वेगळे ओळखू येत नाहीत. आपल्याकडे टीव्ही असतो बैठकीच्या एका भिंतीला आणि माणसं समोरच्या भिंतीला टेकून, आठ-दहा फुटांवर. तिथून ४३ इंचावर चांगलं १०८०पी आणि फोर-के यांतला फरक सांगणं अवघड. म्हणून धार कमी असेल तर आधी रिझोल्यूशन सोडा, फ्रेम सोडू नका. मारामारीचे, गाड्यांचे, क्रिकेटचे गेम ७२०पी, ६० ला १०८०पी, ३० पेक्षा जास्त चांगले खेळता येतात. गोष्टीचे, शेती करण्याचे, डोकं चालवायचे गेम असतील तर ३० ला काही बिघडत नाही, तिथे चित्र स्पष्ट ठेवा.

दोष शोधायचा क्रमही साधा आहे. आधी गेम मोड. मग टीव्हीला लॅनची वायर तात्पुरती लावून बघा, सुधारलं तर दोष वायफायचा. वायर लावूनही क्लाउड गेम अडकतो पण घरातल्या कॉम्प्युटरवरून येणारा नीट चालतो, तर दोष बाहेरच्या नेटचा, आणि तेव्हाच प्लॅन किंवा कंपनी बदलायचा विचार करा. दोन्ही अडकतात, पण त्याच जागी लॅपटॉपवर नीट चालतात, तर टीव्हीची चिप कमी पडते आहे. त्यासाठी टीव्ही बदलायची गरज नाही, फोर-के उलगडणारी दोन-पाच हजारांची स्टिक किंवा डबी मागे लावली की भागतं.

तालुक्याच्या गावी चार टीव्ही लावून गेम पार्लर काढायचा विचार करणाऱ्यांनी हिशेब आणखी कडक करायला हवा. चार क्लाउड खेळाडू, प्रत्येकी २५, म्हणजे १०० एमबीपीएस कायम वापरात, तेही संध्याकाळी. दिवसाला सहा तास चारही टीव्ही चालले तर २७० जीबी, म्हणजे १००० जीबीचा प्लॅन चौथ्या दिवशी संपतो. कर्ज काढण्याआधी नेट कंपनीकडून मर्यादा संपल्यावर वेग किती राहतो ते लेखी घ्या. राउटरला छोटा यूपीएस लागेल. लाईट क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात चार गिऱ्हाइकांचा खेळ तुटतो. चारही टीव्ही एकाच हॉलमध्ये असतील तर क्लाउडपेक्षा जुने का होईना प्लेस्टेशन एचडीएमआयने लावलेले परवडतात. दोन खेळाडूंच्या क्रिकेट-फुटबॉलला तर नेटही लागत नाही.